आमचंच

पहिली घंटा पावणेनऊला.

घंटा म्हणजे ऑक्सिजनची रिकामी टाकी, नीरफणसाच्या फांदीला साखळीने लटकवलेली. तिच्यावर हातोडा बसला की आवाज आधी खाडीवर जातो, पलीकडच्या डोंगराला लागतो आणि मग पुन्हा घरात येतो. त्यामुळे प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. पहिल्या घंटेला अठरा वर्षांच्या आतल्या सगळ्यांनी घरची वाट धरायची. दुसरी घंटा नऊला, त्यानंतर रस्त्यावर मूल दिसता कामा नये. तिसरी पहाटे पाचला, तेव्हा सुटका.

पागो पागो बंदराभोवतीच्या इतर वस्त्यांतही असा नियम आहे, पण आमच्या वस्तीत तो पाळला जातो. घराण्यांच्या मुख्यांच्या सभेने ठरवलं आणि राखायचं काम मुख्यपद नसलेल्या आम्हा पुरुषांवर आलं. कमरेला लुंगीसारखी पांढरी लावालावा नेसायची, टॉर्च घ्यायचा आणि ओढ्यापासून चर्चपर्यंत चालत राहायचं.

नावं आधी लिहून ठेवतो. मी पेनिएली. बायको मारेता. मुलगा सेमी, तेरा वर्षांचा. मुलगी लोसा, नऊ. धाकटी पिसा, पाच. पहाऱ्यावरचा जोडीदार सिलिवा, बालमित्र.

दिवसा मी टूनाच्या कारखान्यात डब्यांचे सांधे तपासतो. चालत्या पट्ट्यावरून डबा उचलायचा, कापायचा, झाकण आणि पत्रा एकमेकांत नीट गुंतलेत का ते भिंगाखाली बघायचं. सोळा वर्षं झाली. न बसलेली गोष्ट मला लगेच दिसते. हे सांगून ठेवतो, कारण पुढे मला काहीही दिसलं नाही.

घंटेनंतर सापडलेल्या मुलाला शनिवारभर मैदानातलं गवत उपटावं लागतं आणि त्याच्या घरच्या मुख्याला सभेत मान खाली घालून बसावं लागतं. मुलाला गवताचं काही वाटत नाही. मुख्याला मान खाली घालण्याचं वाटतं. म्हणून एक पद्धत पडली आहे. दुसरी घंटा झाली आणि एखादं पोर रस्त्यावर राहिलं, तर ते ज्या घरासमोर असेल ते घर त्याला आत बोलावतं. आम्ही विचारतो, "कुणाचं?" घर आतून म्हणतं, "आमचंच." मग ते पोर सकाळपर्यंत त्या घरचं. तिथेच जेवतं, तिथेच झोपतं. पुन्हा विचारायचं नसतं, टॉर्च तोंडावर मारायचा नसतो. मी आणि सिलिवा लहानपणी असे तीनदा वाचलो. दारात उभ्या राहिलेल्या पोराला "आमचं नाही" म्हणणारं घर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

*

मंगळवार.

"पेनी, आज घरी काय?" सिलिवाने विचारलं.

"डब्यातला मासा."

"दिवसभर डबे, रात्री डबे. लेका, तू मेलास की तुलाही डब्यातच घालतील."

"सांधा मी स्वतः तपासून घेईन."

ओढ्याकडची सात घरं अजून जुन्या धर्तीची आहेत. गोल छप्पर, भोवती खांब, भिंती नाहीत. वादळानंतर बाकीच्यांनी विटा आणल्या, आम्ही सातांनी नाही. माझं घर चौथं. चालता चालता सगळं दिसतं: टीव्हीवरची रग्बी, टांगलेल्या मच्छरदाण्या, ताटात उरलेल्या अळकुड्या. ऑक्टोबर जवळ आला होता. पांढऱ्या रविवारी वस्तीतलं प्रत्येक मूल चर्चमध्ये उभं राहून पाठ केलेलं म्हणतं, त्याची तयारी चालू होती. त्यामुळे घंटा झाली तरी घराघरांतून पुटपुट ऐकू यायची.

पहिलं घर तिलोमाईचं. नवरा मासेमारीच्या बोटीवर, चार मुलं, आवाज घंटेपेक्षा मोठा.

"आले बघा पांढरे बगळे!" ती आतून ओरडली. "काय रे पेनी, स्वतःची पोरं मोजलीस का आधी?"

तिच्या घरासमोर ओढ्यावरच्या मोरीपाशी एक मूल उभं होतं. पाठमोरं. आठेक वर्षांचं. मुलगा की मुलगी ते अंधारात कळेना. पाय घोट्यापर्यंत ओले होते. त्याच्या खालच्या डांबरावर ओला डाग होता, पण तिथवर आलेली ओली पावलं नव्हती. हे मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

"ए पोरा! तिथे खांबासारखं काय उभं राहिलंस? ये आत. केळ्याची खीर आहे."

"कुणाचं?" सिलिवाने नियमाप्रमाणे विचारलं.

"आमचंच! आणि तूही हवं तर आमचाच. नाहीतरी तुला दुसरं कोण घरात घेतंय?"

सिलिवाचं लग्न झालेलं नाही. आम्ही हसलो. मूल घराच्या कडेच्या दगडावरून पाय उचलून आत गेलं. टीव्ही बंद पडला नाही. दिवा लवलवला नाही. कुत्रं भुंकलं, पण ते रोजच भुंकायचं. असं काहीही झालं नाही, हे मी मुद्दाम लिहितो.

*

बुधवार. दुसऱ्या घंटेनंतर सहा मिनिटं.

त्याच घरासमोर एक मुलगा उभा होता, या वेळी घराकडे तोंड करून. रडून रडून आवाज बसलेला.

"आई, मी आहे. मला आत घे."

तिलोमाई कडेला आली. "कोण रे तू, बाळा?"

"फेतु."

"फेतु?" ती हसली. "अरे, फेतु तो काय तिथे."

मच्छरदाणीतला एक मुलगा कोपरावर उठून बाहेर बघत होता. फेतुला मी जन्मापासून ओळखतो. त्याच्या बारशाचं डुक्कर मी भाजलं होतं. मच्छरदाणीतला फेतुच होता, यात मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

"तो आपला नाही," बाहेरचा मुलगा म्हणाला. "आई, तो आपला नाही."

तिलोमाईचं हसू गेलं. तिने दोन्ही हात पसरले आणि मच्छरदाण्यांसमोर आडवी उभी राहिली.

"कुणाचं?" सिलिवाने विचारलं.

"आमचा नाही," तिलोमाई म्हणाली.

सिलिवाने माझ्याकडे बघितलं. पुढे काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिच्या कुत्र्यासाठी आम्ही रोज खिशात एक दगड ठेवतो. त्या रात्री ते भुंकलं नाही. घरातून उतरलं, त्या मुलाच्या पायांवर जाऊन पडलं. आम्ही मुलाला पादरींच्या घरी नेलं तेव्हा मागे मागे आलं, आणि नंतर तिलोमाईकडे परत गेलं नाही.

*

पोलिसांनी फोटो काढला. दवाखान्यात, शाळांत, बोटीवर विचारलं. त्या मुलाचं कुणी नव्हतं.

मी गुरुवारी कारखान्यातून सुटल्यावर पादरींकडे गेलो. मुलगा मागच्या पडवीत बसला होता. त्याला विचारलं, तिलोमाईच्या घरात पावसात कुठे गळतं? म्हणाला, तिसऱ्या खांबाजवळ, आई तिथे बिस्किटांचा निळा डबा ठेवते. मी जाऊन पाहिलं. तिसरा खांब, निळा डबा.

परत आलो.

"मंगळवारी काय झालं?"

"मी झोपत होतो. आई रस्त्याकडे बघून 'आमचंच' म्हणाली."

"मग?"

"मग मी रस्त्यावर होतो."

पादरींच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "याचे पाय बघितलेस? कितीही पुसले तरी ओलेच. आणि सकाळी नाव विचारलं तर पटकन सांगितलं. दुपारी विचारलं तर आठवायला लागला."

"आत्ता?"

"आत्ता तूच विचार."

मी विचारलं. मुलाने तोंड उघडलं, थांबला आणि ओढ्याच्या दिशेने बोट केलं.

पेनिएली. मारेता. सेमी. लोसा. धाकटी, पिसा. सिलिवा.

मी कारखान्यातला माणूस. भुताखेतांचं मला काही कळत नाही. पण जे समोर होतं ते मांडून पाहिलं. घर आतून "आमचंच" म्हणतं. एक आत येतो. एक बाहेर जातो. आतली माणसं होती तेवढीच राहतात. बाहेर गेलेल्याला सगळं आठवतं, आतल्यांना काहीच आठवत नाही. आणि बाहेर राहिलं तर बाहेरच्याचंही हळूहळू जातं.

सिलिवाला सांगितलं. त्याने टॉर्च विझवून पुन्हा पेटवला. मग म्हणाला, "म्हणजे तिलोमाईच्या घरात मला कुणी 'आमचाच' म्हणालं, तर तिची एक कटकट कमी होईल?"

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी पण नाही. पेनी, तू जेवलास का?"

घरी मारेताला बजावलं, घंटेनंतर कुणालाही आत घ्यायचं नाही.

"कुणालाही म्हणजे?"

"कुणालाही. शेजाऱ्याचं कुत्रंसुद्धा नाही."

"आणि लोक काय म्हणतील? पेनीच्या घरासमोर लेकरू उभं आणि घर मुकं? माझी आई कबरीतून उठून माझे केस ओढेल."

"मारेता."

"बरं, बरं. नाही घेणार." तिने लोसाची वेणी आवळली. "ऐकलंस ना गं? घंटेआधी घरी. नाहीतर तुझा बाप तुला बाहेर ठेवेल."

असं ती म्हणाली. लोसाला त्या गुरुवारी वेणी नव्हतीच, हे मला आता माहीत आहे. मधे एक दिवस मला वेणीच आठवत होती.

*

शुक्रवार. चूक माझी.

मारेताची नाही, सिलिवाची नाही. माझी.

दुसरी घंटा झाली होती. मी पाणी प्यायला घरी आलो, कडेच्या दगडाच्या आत, घरातल्या गोट्यांच्या जमिनीवर उभा होतो. हातात पेला. चर्चमधली तालीम लांबली होती आणि सेमी-पिसा घरी दिसले तरी लोसा आलेली मी पाहिली नव्हती. रस्त्यावर सिलिवा होता, त्याच्यासोबत सभेच्या मुख्याचा मुलगा, पहाऱ्यावर नवा आलेला, ताठ मानेचा.

आणि आमच्या घरासमोर एक पाठमोरी मुलगी. तालमीचा पांढरा झगा. लोसाच्या उंचीची.

"कुणाची?" मुख्याच्या मुलाने विचारलं. सिलिवाने नाही. सिलिवा विचारणार नव्हता, त्याने तोंड मिटून घेतलं होतं.

"आमचीच," मी म्हणालो.

विचार करून नाही. शिंक येते तसा शब्द आला. चाळीस वर्षं या रस्त्यावर तो ऐकलेला, तीनदा त्या शब्दाने मला वाचवलेलं. पोर उभं आहे, कुणी विचारतंय, आपण आत आहोत. दुसरं काय म्हणायचं?

"कुणाला म्हणतोयस?" मागून मारेता. "लोसा कधीच आली. झोपली पण."

माझ्या गुडघ्याजवळून ओलसर गार काहीतरी गेलं.

मी वळलो. तीन मच्छरदाण्या. सेमी. लोसा. पिसा.

"आत आलेली मुलगी कुठे गेली?"

"कुठली मुलगी?" मारेता म्हणाली.

मी टॉर्च घेऊन तिघांची तोंडं पाहिली. सेमी चिडला. पिसाने झोपेत लाथ मारली. लोसाने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. तीन. मला तीनच मुलं. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग झोप आली नाही. कारखान्यात करतो तसं एकेक तपासत बसलो.

डाव्या भुवईवरचा व्रण: धक्क्याच्या शिडीवरून पडली तेव्हाचा. मी उचललं, रक्त माझ्या हिरव्या शर्टावर. आहे.

पहिला शब्द: मासा. आहे.

नारळाच्या दुधातली पानं ताटाच्या कडेला सारते. आहे.

जन्माच्या रात्री दवाखान्यातली वीज गेली होती आणि नर्सने कंदील धरला होता. आहे.

एकही फट नाही. सगळं एकमेकांत गुंतलेलं. इतका पक्का सांधा मी सोळा वर्षांत पाहिलेला नव्हता, आणि त्यानेच मला पहाटेपर्यंत जागं ठेवलं.

*

पेनिएली. मारेता. सेमी. लोसा. धाकटी. सिलिवा.

लवकर लिहायला हवं.

*

शनिवार.

संध्याकाळी मी घरात बसलोच नाही. अंगणात, रस्त्यावर, पुन्हा अंगणात. मारेता म्हणाली, "पायात काटा भरलाय का तुझ्या?" मुलं हसली. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. ठोका खाडीवरून जाऊन डोंगराला लागून परत आला.

ती समोर उभी होती.

कपाळ रुंद. केस कानापर्यंत कापलेले. भुवईवर व्रण नाही. तालमीचा पांढरा झगा मळलेला. ही मुलगी मी कधीही पाहिली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली.

मला काही वाटलं नाही. लाज वाटते, पण लिहितो. एखाद्या परक्या गावच्या मुलीने वाट विचारावी, तेवढंच वाटलं.

"तुझं नाव?"

"लोसा." मग तिने भुवया आवळल्या. "लोसाच ना?"

"काल कुठे होतीस?"

"मोरीपाशी. सकाळपासून तुला हाका मारल्या. तू कामाला जाताना माझ्याकडे बघून हात केलास. दुसऱ्यांना करतोस तसा." ती घराकडे बघत होती. "मधल्या मच्छरदाणीतली आपली नाही, बाबा."

मधल्या मच्छरदाणीत लोसा बसून पाठ म्हणत होती. 'आज आम्ही पांढरे कपडे घालून आलो आहोत, आमच्या हातांत फुलं आहेत, आमच्या आईवडिलांनी ती लावली आहेत.' रस्त्यावरच्या मुलीचे ओठ हलत होते. तेच शब्द. मी कान दिला. आतली 'आमच्या' म्हणायची तेव्हा बाहेरची 'हातांत' म्हणून मोकळी झालेली असायची. बाहेरची दर वेळी एक शब्द पुढे होती आणि आतली तिच्या मागून येत होती.

तिच्या पायांखाली डांबर ओलं होतं.

मी मांडून पाहिलं. डोकं म्हणत होतं, ही माझी. आठवण म्हणत होती, ती माझी. मधलीला हाताला धरून बाहेर काढावं, तर तिचं रक्त माझ्या हिरव्या शर्टावर मी पाहिलेलं. हिला पादरींच्या पडवीत सोडावं, तर उद्या दुपारी हिने नावासाठी ओढ्याकडे बोट दाखवावं. आणि नुसतं आत घ्यावं, तर आतून कोण बाहेर जाईल? सेमी? धाकटी?

आत आम्ही पाच. पाचच राहणार.

मी घराशी गेलो. आत पाय ठेवला नाही.

"मारेता, आता सिलिवा येईल आणि विचारेल. तू आतून 'आमचीच' म्हण."

"काय?" ती हातातलं ताट घेऊन उठली. "तूच सांगितलंस ना, कुत्रंसुद्धा नाही."

"मी सांगितलं. आता हे सांगतोय."

"ही कोण आहे?"

"लोसा."

तिने मधल्या मच्छरदाणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पेनी, तुला ताप आलाय. आत ये. बस."

"मी आत नाही येणार. काही झालं तरी आत ये म्हणू नकोस. फक्त एकदा म्हण."

"माझी तीनही आत आहेत."

"माहीत आहे."

"मग कशाला?" तिचा आवाज बारीक झाला. "तिलोमाईने म्हटलं ना, आमचा नाही. मीही म्हणते."

मुलगी तिच्याकडे बघत होती. रडत नव्हती. मारेताची नजर तिच्या झग्याच्या गळ्यापाशी गेली. तिथे एक टाका उसवला होता. मारेताचा हात आपोआप वर आला, सुई धरल्यासारखा, आणि मग तिलाच कळेना की तो का वर आला.

मी मागे सरकत रस्त्याच्या मधोमध गेलो. कुणाला तरी बाहेर राहायचंच असेल, तर तो बाहेर उभाच असावा. एवढंच माझ्या डोक्यात होतं. ते चालेल की नाही, हे मला माहीत नव्हतं.

सिलिवाचा टॉर्च आला. त्याने मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पेनी, नको."

"विचार."

"लेका, नको ना."

"सिलिवा. विचार."

त्याने टॉर्च मुलीच्या पायांशी धरला.

"कुणाची?"

टीव्हीवर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. सेमी उठून बसला होता. मधली पाठ म्हणायची थांबली होती.

"मारेता," मी म्हणालो.

तिने ताट खाली ठेवलं. ओचा सारखा केला.

"आमचीच."

मुलीने दगडावरून पाय उचलला आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नाही.

टाळ्या चालूच होत्या.

टॉर्च हळूहळू माझ्याकडे वळला. आधी पायांवर, मग छातीवर. तोंडावर मात्र नाही, सिलिवाला रीत माहीत आहे. तो जरा वाकला.

"पाहुणे, रात्रीचं कुणाकडे जायचंय आपल्याला? वाट चुकलात का?"

"सिलिवा."

"अरे वा," तो ओशाळून हसला. "माझं नाव कुणी सांगितलं?"

तेवढ्यात मला सगळं आठवलं. झोप लागेपर्यंत लोसा माझा कान धरून ठेवते. मागच्या महिन्यात तिने स्वतःच कात्री घेऊन केस कापले, मारेता रागाने रडली, मी मागच्या अंगणात जाऊन हसलो. तिचं रुंद कपाळ माझ्या आईचं आहे.

आणि मधल्या मच्छरदाणीतली ती, भुवईवर व्रण असलेली, तिला मी कधीही पाहिलेलं नव्हतं.

"कुणी मोठा माणूस आहे," सिलिवाने आत सांगितलं. "मोठ्यांना घंटा नसते. जातील आपले." आणि तो चर्चच्या दिशेने निघाला. वळणावर एकदा थांबला, शेजारी कुणी चालत असावं तसा हात खांद्याएवढा उचलला, मग खाली घेतला.

घरात चार मुलं जेवायला बसली. मारेताने चार ताटं मांडली, जणू रोज चारच मांडते. लोसाने पहिला घास घेतला आणि रस्त्याकडे पाहिलं. तिला शिकवलेलंच आहे तसं, दारावरून जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही.

"काका, या ना. जेवून जा."

"या, पाहुणे," मारेताही म्हणाली. "मासा आहे, अळकुड्या आहेत. संकोच करू नका."

माझा पाय दगडापर्यंत गेला. आत पाच होते. मी परत घेतला.

"जेवूनच निघालोय," मी म्हणालो. "देव तुमचं भलं करो."

"तुमचंही," मारेता म्हणाली आणि धाकटीचा मासा निवडू लागली.

बाकीचे झोपले तेव्हा मधली उठली. खांबाखांबांमध्ये झावळ्यांचे पडदे गुंडाळून वर बांधलेले असतात, जोराचा पाऊस आला की सोडतात. आभाळ स्वच्छ होतं. तिने रस्त्याकडच्या बाजूचा पहिला पडदा सोडला, मग दुसरा, घाई न करता, दोरी हातातून हळू सरकू देत, आवाज होऊ नये म्हणून. शेवटच्याशी आली. माझ्याकडे पाहिलं.

"झोप आता, बाबा," ती म्हणाली, आणि पडदा खाली आला.